जानेवारीचा फोल्डर

चिलोए बेटावर जानेवारी म्हणजे उन्हाळा,
म्हणजे पाऊस जरा दमानं घेतो, एवढंच.
नगरपालिकेच्या मागच्या खोलीत,
जिथं पूर्वी बियाण्याच्या बटाट्यांची पोती असत,
आता मी असते आणि गावाची वेबसाइट.

दोन तारखेला दोन्या एदेल्मिरा गिनेओ आली,
ओल्या लोकरीचा वास घेऊन.
नातवानं मोबाइलवर टिपलेला एक जुना फोटो:
बैलांच्या सहा जोड्या, खाली गोल ओंडके,
आणि भरतीच्या रेषेवरून वर ओढलं जाणारं
तिच्या आईचं अख्खं घर,
खिडकीत पडदे तसेच.
मजुरी नाही कुणाला. दिवसभर ओढायचं,
संध्याकाळी त्याच घरात जेवायचं.
"चढव," ती म्हणाली. "पुंता आरेनासला लेक वाट बघतेय."

निळी पट्टी सरकत गेली. नव्वद. सत्त्याण्णव. शंभर.
मग लाल अक्षरं: फाइल चढवता आली नाही.
का, ते नाही. नुसतं नाही.

फोटो अकरा एमबीचा होता, दोनचा केला.
नावात एक शेपटीवाला एन होता, तो साधा केला.
मोकळ्या जागा काढल्या, ब्राउझर बदलला,
कॅशे झाडली, दोन प्लगिन बंद केली,
राउटरला थोपटलं.
सर्व्हरवर जागा विचारली, तर ढीगभर.
पाणी कुठं मुरतंय कळेना.
डिसेंबरात तर महापौरांच्या बैलाचे चाळीस फोटो
एका दमात चढले होते.
दोन्या एदेल्मिरानं विणकाम काढलं.
तिला घाई नव्हती, घर ओढायलाही तीन दिवस लागले होते.

शेवटी लॉग उघडला. तळाशी एकच ओळ:
नव्या वर्षाचा फोल्डर तयार करता येत नाही.
वरच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नाही.

मग मी मागं गेले, वर्षावर्षानं.
प्रत्येक वर्षाच्या पोटात बारा महिने,
आणि बाराही जन्मलेले एकाच दिवशी,
आदल्या एकतीस डिसेंबरला,
दुपारी चारच्या आसपास.
मालकाच्या रकान्यात: एबार्रिया.

एलिएसेर बार्रिया. माझ्या आधी या खुर्चीत.
ऑक्टोबरात गेला, बोटीवर नाही, झोपेत.
सगळे मेजवानीचं कोकरू भाजत असताना
हा इथं बसून
येणाऱ्या वर्षाचे महिने हातानं करून ठेवायचा,
एकेक, शून्य एक, शून्य दोन,
प्रत्येकाला परवानगी देऊन.
नऊ वर्षं.
एका ओळीच्या आज्ञेनं हे कायमचं मिटलं असतं.
त्याला माहीत नव्हतं? का माहीत होतं?
त्याला पुरल्यावरही नोव्हेंबर, डिसेंबर
आम्ही त्याच्याच फोल्डरांत भरत होतो,
लग्नं, शिमग्याच्या गाड्यांसारखी सजलेली ट्रॅक्टरं, त्याची शोकसूचना.
मग त्यानं केलेलं वर्ष संपलं.

मी ती एक ओळ टाइप केली.
पुसली.
परत टाइप केली आणि एंटर दाबलं,
कारण मला एकतीस डिसेंबरला कोकरू खायचं असतं.
जुन्या फोल्डरांवरचं त्याचं नाव मात्र राहू दिलं.
कुणाचं अडतंय.

फोटो चढला.
पण मोबाइल आडवा धरला असणार पोरानं,
घर पडद्यावर कुशीवर निजलेलं,
बैल भिंतीवर चालताहेत,
समुद्र डावीकडं उभा.
"थांबा, सरळ करते," मी म्हटलं.

तिनं चष्मा पुसून पाहिलं.
"उतारावर एकदा असंच कललं होतं," ती म्हणाली,
"आई आत होती. पाव भाजत."