पिवळं कासव

डनीडनच्या उभ्या चढावर
हेस्टरची गाडी पुन्हा अडली.
पाय पार तळाशी,
तरी काटा वीसच्या पुढे सरकेना.
समोर पिवळं कासव पेटलेलं.

गाडी वापरलेली, बोटीनं आलेली.
बोलते ती जपानीतच;
तिच्या नकाशात अजून निईगाताच्या गल्ल्या,
आणि बाण कोऱ्या निळ्यात उभा.

ताफाई बोनेट उघडतच नाही.
स्टिअरिंगखाली वायर खुपसतो, वाचत जातो.
पेडलचा सेन्सर: ठीक.
रिले: ठीक.
बारा व्होल्टची बॅटरी जराशी रुसलेली,
पण दोष तिचा नाही.
मग पडद्यावर शहाण्णव सेल,
खांद्याला खांदा लावून,
फक्त एकसष्टावा गुडघ्यावर.

‘एवढ्याशा एकासाठी?’
‘तो बसला की सगळ्यांनी थांबायचं.’
‘पियानोत असं नसतं,’ हेस्टर म्हणते.
तिची सुरावटीची हत्यारं मागच्या सीटवर.
‘एक तार उतरली, तरी बाकीच्या वाजतात.’
ताफाई हात पुसतो. ‘वाजतात. पण तुला बोलावतात ना?’

तेवढ्यात गाडी काहीतरी पुटपुटते, अदबीनं.
मासळीच्या दुकानातून नागाहामाबाई डोकावतात.
काय म्हणाली?
‘दोन तास झाले म्हणते. जरा विसावा घ्या.’

हेस्टर थर्मास उघडते.
झाकण एकच, आळीपाळीनं.
कासव पेटलेलंच.