दुसरा नंबर

यावल सोडलं की डाव्या हाताला सातपुडा
बरोबरीनं चालतो, दम न लागता.
माझी गिअरवाली सायकल,
हँडलवर आकडे दाखवणारं यंत्र,
आणि हंबर्डीच्या अलीकडे मागचं चाक बसलं.

सुभान तडवीनं घमेल्यात पाणी ओतलं,
ट्यूब बुडवली, बुडबुड्याची वाट बघत म्हणाला,
"संक्रांतीची शर्यत याच रस्त्यानं जायची, भो.
दुधाचे कॅन उतरवायचे अन् त्याच सायकलीवर बसायचं.
वजन गेलं की ती गोऱ्ह्यासारखी उधळायची."

मोर नदीच्या पुलावर वारा बसलेला असतो,
हे यंत्राला ठाऊक नव्हतं.
तिथं मान खाली.
पुढं केळीचा ट्रक असला तर त्याच्या आडोशाला शिरायचं,
सावदा येईस्तोवर बाहेर डोकवायचं नाही.

त्या साली ट्रक फैजपूरलाच वळला.
लीलाधर भारंबे वीतभर पुढं गेला.
त्याला मनगटी घड्याळ, याला पितळी घागर.
"घड्याळ दोन वर्षांत बंद पडलं.
मीच नेलं होतं जळगावला, दुरुस्तीला."

घागरीचं मी विचारलं नाही.
कडेला पोचे पडलेली,
ती घमेल्याशेजारीच होती, अर्धी रिकामी.

दहा रुपये घेतले, हवा दाबून पाहिली.
"जा."

पुलावर वारा होता, सांगितल्या जागी.
मान खाली घातली; आकडे दिसेनात.
मग मागून हॉर्न,
हिरव्या घडांचा ओला, चिकट वास,
आणि मी, उभ्या जन्मात पहिल्यांदाच,
कुणाच्या तरी मागं राहायला उतावीळ.