कारणाचा रकाना

सात चाळीसला आलेख वाकतो.
फार नाही, केसाएवढा,
तेराव्या गल्लीतल्या एका ओळीपुरता.
पण वाकतो, आणि पडद्यावर पिवळा ठिपका लागतो.

मला कारण लिहावं लागतं.
धूळ. पक्ष्यांची घाण. वायर. ढग.
सावली लिहिली
तर कुणाची, तेही लिहावं लागतं.

चारशे एकर माळावर आम्ही सावली ठेवली नाही.
कुंपणालगतचा निंब तोडला, तीन बाभळी तोडल्या.
ठेलारींच्या देवाचा दगड तेवढा वाचला,
बुटका होता म्हणून.

साक्रीकडच्या या उन्हाला
माझी माय शिव्या घालायची,
दारावर ओलं गोणपाट लावून.
आता ते युनिटांत मोजतात.
मोजतो मी, निंबा दगा अहिरराव, आयटीआय पास,
मे महिन्यात अंगात स्वेटर घालून,
यंत्रांसाठी गार केलेल्या खोलीत.

एकदा वायरलेसवर विचारलं,
'तेरावी गल्ली. कोन शे तठे?'
खरखर. मग इमलबाई:
'मी शे ना भाऊ. काय व्हयनं?'
'काही नही. उभी काबर?'
'पाठ सरळ करस जराशी.'

पहाटे तीनपासून बायका काचा धुतात,
टँकरचं पाणी, लांब दांड्याचे पोचे.
सूर्य कासराभर वर आला
की शेवटची ओळ निथळते
आणि ती उन्हाकडं पाठ करून थांबते,
बहुतेक तिथंच, जिथं निंब होता.

सावली पडते दोन काचांवर,
मंदावतात ओळीतल्या सगळ्या.
एकमेकींना जोडलेल्या आहेत त्या,
काचा म्हणतोय मी.

तेव्हापासून मी ढग लिहितो.
सात चाळीस ते सात बावन्न. ढग.
रविवारी नाही. रविवारी आभाळ स्वच्छ.

परवा पुण्याहून साहेबांचा फोन.
वैशाखात तुमच्याकडं रोज ढग येतो कसा हो,
आणि तोही एवढासाच?

येतो साहेब, म्हटलं,
आमच्याकडं असाच येतो.

पुढचं बोललो नाही:
की बारा मिनिटं थांबतो,
मग पदर झटकतो,
पोचा खांद्यावर टाकतो
आणि आठची टमटम गाठायला
पाय उचलतो.