ब्रीदर

दुपारची नमाज झाली की हँगरमध्ये कुणी नसतं.
पुठ्ठा अंथरून मी विमानाच्या पोटाखाली
उताणा सरकतो.
काउलिंगपासून शेपटीपर्यंत काळपट ओघळ,
त्यावर उम्म अल क्वैनची पिठासारखी वाळू.
रॉकेलचा बोळा फिरवला की पांढरा रंग वर येतो,
उद्याच्या उड्डाणापुरता.

कॅप्टन सुहैल म्हणतात, गळतंय.
गळत नाही, साहेब, श्वास टाकतंय.
रिंगांमधून निसटलेली वाफ क्रँककेसमध्ये कोंडते,
नळीतून बाहेर पडताना
तेलाचं बोट धरून येते.

रोमेलने शारजाहून सेपरेटर आणला,
चहाच्या डब्याएवढा, आत जाळीचा चोथा.
त्याच्या तळाशी मी लबनची रिकामी बाटली बांधली.
दहा तासांनी सोडली तर
आत ताकाच्या निवळीसारखं काहीतरी, आंबूस, जळकं.
रोमेल म्हणाला, परत घालू, तेलच तर आहे.
पाणी उतरलंय त्यात, बेअरिंग खाईल, म्हणत
मी ते मागच्या पिंपात ओतलं.

मग डिपस्टिक.
साहेबांना आठाची खूण आवडते. काठोकाठ.
मला आठवली शैलजाने दिलेली लोणच्याची बरणी,
गळ्यापर्यंत दाबून भरलेली,
"तिकडे काय मिळतंय मेलं" म्हणत.
सासूबाई सांगत होत्या, चार बोटं मोकळी ठेव गं.
वर आभाळात बरणी उसासली
आणि माझे दोन नवे सदरे
अजून हळदीचे आहेत.

आठ भरलं, दोन तासांत सात.
सात भरलं, पावणेसात.
साडेसहा भरलं,
काडी पुसून दोनदा बुडवली,
साडेसहाच.
किमान खूण त्याच्याही बरीच खाली.
हे सगळं वहीत पेन्सिलने, कारण
साहेबांना आठाचं अजून सांगितलेलं नाही.

आज ते वाकले, बोट फिरवलं.
नळीच्या तोंडामागे अंगठ्याएवढा डाग.
"आणि हा?"
हा राहू दे, साहेब.
ज्या दिवशी पोट ठणठणीत कोरडं दिसेल
त्या दिवशी मी आधी नळीत फुंकर मारून बघेन.
वाट बुजली की कोंडलेला श्वास
पुढचं सील फोडतो,
मग तेल पोटावर नाही, तुमच्या काचेवर येतं.

रात्री शैलजाचा फोन. कसं चाललंय?
बरं आहे, म्हणतो.
मग जरा थांबून
उकाडा, मेसचा भात, पुढे ढकललेली रजा,
असं अंगठ्याएवढं काहीबाही
बोलून टाकतो.