उलटी काठी

रात्री पावणेदोनला पिंपळगावहून कौतिक आहेरांचा फोन.
"ताई, कंटेनर उभाय, तेरा टन थॉमसन,
आणि तुमचं सॉफ्टवेअर म्हणतंय
असा रस्ताच नाही."
मी इंदिरानगरात, निम्मी पांघरुणाबाहेर.
कुठला रस्ता?
"अहवालाचा हो. औषधाच्या अंशाचा. वाचू का?"
आणि ते वाचतात, दाराशी आलेल्या पोस्टमनसारखं:
"सी. दोन ठिपके. उलटी काठी. अहवाल.
मग खालच्या ओळीत
नुसतंच

आशिक."

मी हसले नाही. तेही नाही.
मागे कूलिंगची मोटर घरघरत होती.

उलट्या काठीला खेटून एन आला
की यंत्र त्याला अक्षर मानत नाही, हुकूम मानतं:
ओळ मोड.
नाशकाचा एन असा गेला. निफाडचं इफाड झालं.
त्र्यंबकच्या टीच्या जागी लांबलचक मोकळं अंगण,
बागलाणचा बी तर मागे वळून
आधीचंच एक अक्षर पुसून आला.
येवला, दिंडोरी, सुरगाणा तेवढे जागच्या जागी,
त्यांना कुणी हुकूम केलेला नाही.

माझ्या लिनक्सवर रेघ पुढे झुकते. तिथं सगळं धावत होतं.
पॅकहाऊसच्या विंडोजसाठी म्हणून गुरुवारी
मीच एकेक काठी उलटी केली होती,
हातानं, चहा घेता घेता,
आणि वर अधिकचं चिन्ह मारून
तुकड्याला तुकडा चिकटवला होता.

सातपूरच्या गाळ्यात गायधनी सर म्हणायचे
(आधी पाइपांचे फिटर, मग आमचे साहेब):
"चिकटवू नको गं. कुठं उलटे आटे, कुठं सुलटे,
तुला अंधारात काय कळणार?
तुकडे दे फक्त. सांधा घालणारं फंक्शन वेगळं आहे,
ते ज्या मशीनवर उभं असेल
तिथले आटे त्याला ठाऊक."
तेव्हा मी मान हलवली होती.
मान हलवण्याला काही लागत नाही.

अडीच वाजता सगळ्या काठ्या काढल्या.
तुकडे उरले: सी ड्राइव्ह, अहवाल, हंगाम, नाशिक, बागेचा नंबर.
सांधा घालायला दिला.
"ताई, नाही लागला. आता तर अहवालही गेला."

एका तुकड्याच्या तोंडाशी रेघ राहून गेली होती.
हंगामाच्या. एवढीशी.
ती दिसली की जोडणारा समजतो
हा मुळापासून निघालेला आहे,
याला मागचं काही नको,
आणि आधीचं सगळं टाकून देतो.
ड्राइव्हचं अक्षर तेवढं हातात ठेवतो.

मी त्या रेघेकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.
कॉलेजला आले तेव्हा कुणी गाव विचारलं
की मी पटकन म्हणायचे, नाशिक.
उंबरठाण नाही, सुरगाणा नाही,
सहा वाजताची एसटी नाही,
बोरगावच्या घाटात ओकलेली मी तर नाहीच.
तोंडाशी रेघ घेऊन फिरत होते सगळीकडे,
आणि कोणीही सांधा घातला तरी
मी एकटीच उरायचे, शहराच्या मुळाशी.
चूक कधी दिसली नाही, कारण
तसाही एक पत्ता तयार होतोच.

रेघ खोडली.
तीन वाजून वीस मिनिटं.
फोनवर आधी मोटर, मग छपाईयंत्राची करकर,
मग कौतिकराव, कुणाला तरी ओरडून:
"निघू दे रे गाडी, लागला रस्ता!"
मला वाटलं ठेवतील आता.
ठेवला नाही.
"ताई, एक विचारू? तो आशिक कुठं गेला?"

आहे अजून, म्हटलं. लॉगमध्ये,
खालच्या ओळीवर, एकटा.
पुसायचा राहिलाय.

"राहू द्या मग,"
ते म्हणाले, आणि मागून गाडीचा हॉर्न आला.