चिंध्यांचं झाड

विहीर आपली म्हणायची.
खरं तर गुडघाभर झरा, तीन बाजूंनी दगड,
मलाकी टुओहीच्या कुरणाच्या खालच्या अंगाला.
गाई शिरू नयेत म्हणून फाटकाच्या जागी
जुन्या लोखंडी पलंगाचं डोकं.

डोळ्यांसाठी हे पाणी. फक्त डोळ्यांसाठी.
चामखिळीला टेकडीपलीकडची दुसरी,
आणि दातदुखीची कुठली ते ॲट्रॅक्टाला ठाऊक,
पण ती सांगत नाही.

अनवाणी, सूर्य फिरतो तसे सात फेरे.
दर फेऱ्याला एक खडा या ढिगातून त्या ढिगात,
दुखत्या माणसाला मोजदाद जमत नाही म्हणून.
मग चिंधी भिजवून पापणीला लावायची,
हॉथॉर्नच्या काट्यांत बांधायची
आणि मागे न बघता घर गाठायचं.
चिंधी कुजेल तसं दुखणं उतरेल.

हे पाणी उकळत नाही म्हणतात.
ॲट्रॅक्टाच्या आजीच्या जावेने किटली ठेवली होती,
पीटची टोपली संपली, पाणी गारच.
आणखी कुणी यात लंगोट धुतले,
तर झरा रुसून रातोरात
रस्त्याच्या या बाजूला आला.
पलीकडचा खड्डा अजून ओला असतो.

कौन्सिलने पाटी लावली: पिण्यास अयोग्य.
मलाकी म्हणाला, पितंय कोण?

शनिवारी ॲट्रॅक्टा येते, खिशात कात्री.
नायलॉनची नाडी, रबरबँड,
इस्पितळातला प्लास्टिकचा मनगटपट्टा,
एक निळा पायमोजा, तान्ह्याचा.
हे कुजायचं नाही, ती पुटपुटते,
चार वर्षं झाली, त्या लेकराचा डोळा
इथेच टांगून राहिलाय.
गाठ कापते, मोजा पिशवीत टाकते,
त्याच फांदीला लिननची पट्टी बांधते.
लग्नातली चादर. आता उशीएवढी उरलीय.

आज मलाकी आधीच येऊन बसलेला.
मोतीबिंदू. गॉलवेची तारीख फेब्रुवारीतली.
म्हणाला, गाय शोधतोय.
एका पायात बूट नव्हता.

झऱ्यात एक ट्राउट आहे,
ज्याला दिसतो तो बरा होतो, असं सांगतात.
दिसला का, तिने विचारलं.
मला कसला दिसतोय.
मग बऱ्याच वेळाने:
तळाशी काहीतरी हललं मात्र.
तुझीच सावली असेल.
मी हललो नव्हतो, तो म्हणाला.

ती काही बोलली नाही.
चादरीची कड दातांत धरली
आणि टर्रकन फाडली,
नेहमीपेक्षा जरा रुंद.