उधारीच्या वहीची मागची पानं

पुढच्या पानांवर कोण किती देणं लागतो ते,
मागच्या पानांवर कोण काय बोलतो ते.
मी रेफूहियो. चोलुलात तेहतीस वर्षं खिळे विकते,
आणि खिळ्यांपेक्षा शब्दच जास्त वाकडे निघतात
असा माझा अनुभव आहे.

कोसीतो म्हणजे ते हे.
गिऱ्हाईक हवेत बोटाने गोल काढतं:
"त्या ह्याला लागतं ना, ते हे द्या. छोटं."
निम्म्या वेळा तो वायसर असतो,
उरलेल्या वेळी दुसऱ्या दुकानात असतो.

उधार म्हणजे पाटीवरचा उद्या.
"आज रोख, उद्या उधार" मीच रंगवलंय,
तरी नोटरीची बायको दोन्या ओब्दूलिया
एखाद्या रात्री बारा वाजून एक मिनिटाने
शटर वाजवेल, ही धास्ती आहेच.

मांदे म्हणजे आज्ञा करावी.
ऐकू आलं नाही की आम्ही असं म्हणतो.
आईने चमच्याने बोटांवर मारून शिकवलं.
आता कानच गेलेत,
तर दोन स्क्रू मागणाऱ्या शेंबड्या पोरांपुढेही
दिवसभर आज्ञेत उभी असते.

वेय म्हणजे बैल.
आमच्या वेळी शिवी होती, त्यावरून डोकी फुटायची.
माझ्याकडे कामाला आहे तो उलिसेस
काल मित्राशी फोनवर बोलला:
चार मिनिटं, एकतीस बैल. मी मोजले.
एवढ्यात अख्खं रान नांगरून झालं असतं.

कोमाद्रे म्हणजे
जिला सांगायचं नाही असं ठरलंय,
आणि जिने ते आपल्याला आधीच सांगितलंय.

क्रूदा म्हणजे कच्ची.
रात्री फार शिजलेला माणूस
सकाळी जसा उठतो तशी.
सोमवारी प्लंबर सेलेरिनो काळा चष्मा लावून येतो
आणि कुजबुजत हातोडी मागतो.

नी मोदो म्हणजे खांदे.
दोन्ही एकदम वर, मग एकदम खाली.
आमच्या ज्वालामुखीला शिंक आली,
बाहेर मांडलेल्या नव्या बादल्या राखेने म्हाताऱ्या झाल्या: नी मोदो.
त्यावर पाऊस आला, राखेचा गिलावा झाला: नी मोदो.
राखेच्या बादल्यांवर मी दहा टक्के सूट लावली,
तर शेजारचा न्हावी म्हणतो,
राख माझ्या दारातूनही उडून आली, मला वीस.
याला नी मोदो म्हणत नाहीत. याला न्हावी म्हणतात.

आओरिता.
हे पान तीनदा खोडलंय.
"आत्ता"ला लाडाने शेपूट जोडलं की आओरिता.
म्हणजे आत्ता, म्हणजे थोड्या वेळाने,
म्हणजे जेवण झाल्यावर, म्हणजे बघू,
म्हणजे नाही, पण तुमचं मन कशाला मोडा.
एका जर्मन मुलीने विचारलं होतं,
"आओरिता म्हणजे किती वाजता?"
मी तिला बसायला खुर्ची दिली.

माझा नवरा निकांद्रो
गळतीखाली बादली ठेवून म्हणाला, आओरिता करतो.
शिडी नव्हती. शिडी आली तर डांबर नव्हतं.
डांबर आलं तेव्हा पाऊस संपला होता,
आणि कोरड्यात गळती सापडणार कशी?
मुद्दा बरोबर होता. नऊ वर्षं बरोबर होता.
मग तोच गेला.
आता शिडी आहे, डांबर आहे, पाऊस आहे,
उलिसेस दर जूनमध्ये विचारतो, "चढू का?"
मी काय म्हणते ते त्याला पाठ आहे.

परवा एक बाई सगळ्या बादल्या सोडून
नेमकी तीच उचलून म्हणाली, केवढ्याला?
बुडाशी किमतीची चिठ्ठी निघाली,
उलिसेसचं गिचमिड अक्षर. मला पत्ताच नव्हता.
बाईने चष्मा लावून वाचलं:
"आओरिता."

इथलीच होती. काही विचारलं नाही.
बादली जिथली तिथे ठेवली, बरोब्बर थेंबाखाली,
आणि राखेची घेतली एक,
पंधरा टक्के मागून.